अर्ध्या तासाचं देणं

माझ्या लेकीच्या सहावीच्या वर्षातली एक शंभर पानी वही मी जपून ठेवली आहे. तिच्यात गणितं नाहीत, गणिताला लागलेला वेळ आहे. पहिल्याच पानावर पाच रकाने आखलेत. बसलो किती वाजता, उठलो किती वाजता, प्रत्यक्ष लिहिण्यात किती मिनिटं गेली, पहिली चूक कितव्या मिनिटाला झाली, आणि शेवटचा रकाना लेकीनं स्वतः वाढवलेला, तिच्या गोल अक्षरात : 'आईचं बोलणं'. त्या रकान्याकडे मला आजही सरळ बघवत नाही. पण ही वही ज्यांनी घालायला लावली त्यांचं ऋण सांगायचं, तर सुरुवात तिथूनच करायला हवी.

आमचं घर खुलताबादला, जुन्या गावात. यांचं वेरूळच्या लेण्यांबाहेर थंड पेयांचं, बिस्किटांचं आणि उन्हाच्या टोप्यांचं लहानसं दुकान. मार्च २०२० मध्ये करोनामुळे लेणी बंद झाली, त्याच सुमाराला शाळाही बंद झाल्या. लेकीची पाचवीची वार्षिक परीक्षा झालीच नाही. सहावीत गेल्याचं कळलं तेव्हा ती खूश झाली नाही. पेपर दिलेच नाहीत तर पुढे कशी गेले, असं मलाच विचारत राहिली. फोन घरात एकच, आणि तोही दिवसभर यांच्याबरोबर, कारण दुकानाला कुलूप लागल्यावर हे दुसऱ्याच्या टेम्पोवर भाजी आणि आलं वाहायला जायला लागले. जुलैच्या २० तारखेपासून सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' ही अभ्यासाची मालिका सुरू झाली, तेवढा आधार. भाषा, इतिहास, भूगोल ती आपली आपण वाचायची. गणित मात्र मी अंगावर घेतलं.

मी ते का घेतलं हेही सांगितलं पाहिजे. मार्च १९९९ च्या दहावीत मी गणितात नापास झाले होते. ऑक्टोबरला पुन्हा बसले आणि कशीबशी सुटले. पुढे बारावी केली, पण जिथे गणित लागेल अशी एकही वाट धरली नाही. लग्नानंतर यांच्या दुकानाचा हिशेबसुद्धा मी कधी हातात घेतला नव्हता. लेकीचं असं होऊ नये, एवढंच माझ्या मनात होतं. पण 'होऊ नये' म्हणजे काय करायचं, ते मला ठाऊक नव्हतं. मला एकच उपाय सुचला, तिला जास्त वेळ बसवायचं.

सकाळी दहाला आम्ही बसायचो. साडेबारा झाल्याशिवाय उठायचं नाही, हा माझा नियम. एखादा सरावसंच तिनं लवकर सोडवला तर मी पुढचा द्यायची. तोही झाला तर त्याच्या पुढचा. थोड्याच दिवसांत तिचा वेग मंदावला. एक उदाहरण सोडवायला ती दहा-दहा मिनिटं लावायची, पेन्सिलीला टोक करायची, पाणी प्यायला उठायची. मला वाटायचं पोर आळशी झाली. लवकर केलं की वाढीव काम मिळतं हे तिनं ओळखलं होतं, आणि तिच्या जागी कुणीही शहाणं माणूस हेच करील, हे मला दिसलं नाही.

सप्टेंबरच्या शेवटी अपूर्णांकांचा भागाकार आला. पाऊण भागिले एक अष्टमांश. मी तिला सांगितलं, दुसरा अपूर्णांक उलटा करायचा आणि गुणायचं. तिनं विचारलं, "उलटा का करायचा?" मी म्हटलं, तशी रीत आहे. ती म्हणाली, "पण का?" मी पुन्हा रीत सांगितली, आवाज चढवून. तिसऱ्यांदा तिनं तेच विचारलं तेव्हा मी तिच्या थोबाडीत मारली.

उत्तर मला येत नव्हतं. मारण्याचं कारण तेवढंच होतं, दुसरं काही नव्हतं. बारा वाजून गेले होते, दारं-खिडक्या उघड्या होत्या. ती रडली नाही, तिनं मुकाट्यानं अपूर्णांक उलटा केला. उत्तर सहा आलं, बरोबर आलं. मी त्याखाली बरोबरची खूण केली. ती खूणही तिच्या गणिताच्या जुन्या वहीत तशीच आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी समोरून मास्टरसाबनी हाक मारली.

आमच्या गल्लीत घरांचे ओटे समोरासमोर आहेत, मधे बैलगाडी जाईल एवढी वाट. समोरच्या घरात मास्टरसाब आणि चाची राहतात. जिल्हा परिषदेच्या उर्दू शाळेत उभी हयात गणित शिकवून ते निवृत्त झालेले. माझ्या सासऱ्यांचे दोस्त. सासरे मला सूनबाई म्हणत, म्हणून तेही सूनबाईच म्हणतात. त्यांना दम्याचा जुना त्रास. त्या वर्षी तर ते ओट्याच्या खाली उतरतच नव्हते. तोंडाला रुमाल बांधून खुर्चीवर बसलेले असायचे.

"सूनबाई, एक अर्ज आहे," ते म्हणाले. "घरात बसून माझा जीव घुसमटतो. सकाळी पोरीला तुमच्या ओट्यावर बसवाल का? मी इथूनच तिच्याशी थोडा हिशेब करीन. माझा वेळ जाईल."

नाही म्हणणं शक्य नव्हतं. पण मनात मी काय म्हटलं तेही लिहिते. मी म्हटलं, हे उर्दू शाळेतले, आमचं पुस्तक मराठी, हिला काय उमगणार? म्हातारा माणूस आहे, त्यांचा वेळ जातोय तर जाऊ दे, खरा अभ्यास आपण नंतर घेऊ.

दोन ओट्यांमधून हिशेब सुरू झाला. पाटी नाही, वही नाही, नुसतं तोंडी. सव्वा किलो, किलोला चाळीस, किती? अडीच डझनांत नग किती? साडेतीन साते किती? दर श्रावणात शनिवारच्या आधल्या रात्री जिल्ह्याच्या शहरातून आमच्या गावच्या भद्रा मारुतीला पायी येणाऱ्यांची रीघ लागते. त्या वर्षी रस्ता ओस होता, पण मास्टरसाबनी तोच रस्ता तिला घातला : पंचवीस किलोमीटर, तासाला पाच, रात्री दहाला निघालं तर देवळात किती वाजता? ती बोटं मोडायची, आणि मग वाटेपलीकडे ओरडून सांगायची, "पहाटे तीन!" गल्लीतल्या बाया दारात येऊन ऐकायच्या.

त्यांच्या तोंडी गुणाकाराला 'जर्ब' यायचं, भागाकाराला 'तकसीम', हातच्याला 'हासिल'. पहिले दोन दिवस लेक गोंधळली. मग तिच्या ध्यानात आलं की 'जमा' तेही म्हणतात आणि आपणही, 'बाकी' तेही म्हणतात आणि आपणही. आपल्या 'वजाबाकी'त तर त्यांचे दोन शब्द एकत्र बसलेत. अपूर्णांकाला ते 'कसर' म्हणायचे. कसर म्हणजे आपल्याकडे उणीव. ती मला म्हणाली, "म्हणजे अर्धं म्हणजे अजून अर्धं उणं, असंच ना?" इतक्या वर्षांत अपूर्णांकाकडे मी असं कधी बघितलं नव्हतं.

वीस मिनिटं झाली की मास्टरसाबचा श्वास भरून यायचा. बोलता बोलता ते हात वर करायचे आणि म्हणायचे, "बस. आज इत्ता." हिशेब अर्ध्यावर असला तरी थांबायचे. सुरुवातीला मला ते खटकायचं. वीस मिनिटांत काय होणार? पण मी वेगळंच घडताना बघत होते. अर्धा राहिलेला हिशेब घेऊन लेक घरात यायची आणि कुणी न सांगता चुलीपाशी, मोरीपाशी, पाणी भरताना तो पुरा करायची. उत्तर सापडलं की धावत ओट्यावर जायची, ते आत गेलेले असले तर चाचींना सांगून यायची. माझ्या अडीच तासांतून उठताना तिला असं कधी पळावंसं वाटलं नव्हतं.

तरी मी माझे अडीच तास सोडले नाहीत. ओट्यावरचा हिशेब झाला की आत दहा ते साडेबारा चालूच होतं. दिवाळीच्या आधी मास्टरसाबनी विचारलं, "नंतर ती काय करते, सूनबाई?" मी मोठ्या अभिमानानं सांगितलं, अडीच तास गणित करते. ते काही बोलले नाहीत. एवढंच म्हणाले की चौदा दिवस वेळा लिहून ठेवा, मला पोरीला सरासरी शिकवायची आहे.

अशी ती वही सुरू झाली.

चौदा दिवसांनी लेकीनं ओट्यावर बसून बेरीज मांडली. एकूण बसण्याचा वेळ १८९० मिनिटं. चौदानं भागून रोजची १३५ मिनिटं, म्हणजे सव्वादोन तास. मग तिनं लिहिण्याचा रकाना जुळवला : ५८८ मिनिटं, रोजची ४२. मास्टरसाब म्हणाले, आता शंभरात किती ते काढ. तिनं काढलं. शंभरातली एकतीस मिनिटं गणित. उरलेल्या एकोणसत्तर मिनिटांत काय, ते तिनं आखलेल्या पाचव्या रकान्यात होतं, आणि तो तिनं मोठ्यानं वाचला नाही. पहिली चूक जवळजवळ रोज पस्तिसाव्या मिनिटाच्या आसपास होती. त्यानंतर चुका एकीमागून एक.

मास्टरसाबनी मला दोष दिला नाही. ते शाळेच्या गोष्टी सांगत राहिले. शाळेत गणिताची तासिका पस्तीस-चाळीस मिनिटांची असते. शिक्षण हक्काच्या कायद्यात सहावी ते आठवीला वर्षाला २२० दिवस आणि १००० तास अध्यापन सांगितलंय. लेकीनं लगेच भागाकार केला, दिवसाला साडेचार तासांहून थोडं जास्त, आणि तेही सगळे विषय मिळून. त्याच जुलैत केंद्र सरकारनं 'प्रज्ञाता' नावाची मार्गदर्शक तत्त्वं काढली होती. पहिली ते आठवीच्या मुलांना पडद्यासमोर दिवसाला ३० ते ४५ मिनिटांची दोनच सत्रं असावीत, असं त्यांत होतं. ते कात्रण त्यांनी जपून ठेवलं होतं. मी म्हटलं, हे सगळं शाळेचं, घरात एकच मूल असतं, तिथे जास्त वेळ घ्यायला काय हरकत आहे?

यावर ते जे म्हणाले ते मी विसरणार नाही. वर्गात चाळीस पोरं असतात. मास्तरची नजर एकावरून दुसऱ्यावर जाते, तेवढ्यात पहिल्याला श्वास मिळतो. तो खिडकीबाहेर बघतो, शेजाऱ्याच्या वहीत बघतो, पुन्हा आपल्या वहीत येतो. घरी एका पोरावर आईचे दोन डोळे सारखे लागलेले असतात. तिथली वीस मिनिटं वर्गातल्या चाळिसांएवढी होतात. "आणि लवकर झालं तर तिला सोडून द्या, सूनबाई," ते म्हणाले. "लवकर झालं म्हणून शिक्षा देऊ नका."

त्या दिवसापासून आमचं गणित सकाळी ओट्यावर वीस मिनिटं, आणि मधे घरातली कामं झाल्यावर आत वीस-पंचवीस मिनिटं सरावसंच, एवढंच राहिलं. मंगळवारी वेरूळची लेणी बंद असतात, म्हणून आमच्या घरी सुट्टी मंगळवारची. मास्टरसाबनी गणितालाही मंगळवारची सुट्टी दिली. पहिला महिनाभर मला रात्री झोप लागायची नाही. आपण पोरीचं नुकसान करतोय असं वाटत राहायचं. एकदा तर मी गुपचूप तिला दुपारी पुन्हा बसवलं. संध्याकाळी तिनं ते वहीत प्रामाणिकपणे लिहिलं, आणि दुसऱ्या दिवशी मास्टरसाबनी वाचलं. तेव्हाही ते काही बोलले नाहीत. त्यांच्या न बोलण्यातूनच मी जास्त शिकले.

सगळेच दिवस अर्ध्या-पाऊण तासाचे नव्हते. भौमितिक रचनांना तास-सव्वा तास लागायचा, कंपासचं टोक सरकलं की पुन्हा पहिल्यापासून. एखाद्या दिवशी दहा मिनिटांत काम व्हायचं. नोव्हेंबरमध्ये पाडव्याच्या दिवशी देवळं, दर्गे उघडले. त्यानंतर एका सकाळी मास्टरसाबना बरं वाटत होतं, तर ते आपल्या नातवाच्या मोटारसायकलवर बसून आम्हाला मलिक अंबरच्या मकबऱ्यापर्यंत घेऊन गेले. आम्ही मायलेकी पाठोपाठ पायी. ज्यानं खडकी वसवली, पुढे जिचं औरंगाबाद झालं, आणि जिथे त्याच्या नहरीचं पाणी खेळलं, तो मलिक अंबर १६२६ साली वारला आणि आमच्या गावाच्या कडेला निजला. गावातल्या गावात असून मी तिथे लग्नानंतर एकदाच गेले होते. लेकीनं घुमटाखालची दर्शनी बाजू कागदावर काढली, कागद मधोमध दुमडला आणि उन्हाकडे धरून कमानीवर कमान बसते का ते बघत बसली. एका बाजूची बसेना. तिनं खोडलं, पुन्हा काढलं. सममितीचा धडा पुस्तकात थोड्या पानांचा आहे. वहीत त्या दिवशी वेळ लिहिला आहे तीन तास, आणि पाचव्या रकान्यात शून्य.

आता माझ्या आणखी एका अज्ञानाबद्दल. २०१९ मध्ये दुसरीच्या नव्या पुस्तकात 'एकवीस'च्या जोडीला 'वीस एक' असं संख्यावाचन दिलं, तेव्हा त्याची गावभर चेष्टा झाली होती. त्या चेष्टेत मीही होते. बालभारतीच्या गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर यांनी सांगून बघितलं की जुनं काढलेलं नाही, लहान मुलांना सोपं जावं म्हणून जोडीला दिलंय, दक्षिणेतल्या भाषांत दशक आधी आणि एकक नंतरच म्हणतात. मी ते वाचलंही नव्हतं. पुढच्या वर्षी ओट्यावर दिसलं की लेकीच्या तोंडी हिशेबातल्या निम्म्या चुका हिशेबाच्या नव्हत्याच. 'एकोणसत्तर' ऐकून ती एकोणऐंशी धरायची, 'एकोणऐंशी' ऐकून एकोणनव्वद. मास्टरसाब म्हणाले, उर्दूतही हेच, उनहत्तर आणि उनासीत त्यांची पोरं हमखास अडकायची. मग ते प्रत्येक संख्या दोनदा सांगायला लागले : एकोणसत्तर, साठ नऊ. दोन आठवड्यांत चुका थांबल्या.

त्यांनीच एकदा मला पुस्तकाची पहिली पानं उघडायला लावली. मराठी ते हळूहळू, अक्षर लावत वाचतात. समितीची नावं त्यांनी बोट ठेवून वाचली आणि म्हणाले, ज्यांनी आपल्यासाठी पुस्तक लिहिलं त्यांची नावं आपण कधी वाचत नाही. अध्यक्ष म्हणून त्याच बाईंचं नाव होतं. ज्यांच्यावर मी हसले होते त्यांच्याच पुस्तकातून माझी मुलगी घरी शिकत होती. पुढे मी त्यांचं 'गणिताच्या सोप्या वाटा' मिळवून वाचलं. १७ जुलै २०२३ रोजी मंगलाताई गेल्या. त्या बातमीच्या दिवशी मी लेकीला २०१९ ची ती गोष्ट सांगितली. त्याआधी सांगायला मला तोंड नव्हतं.

त्या हिवाळ्यात मास्टरसाबनी आणखी एक अर्ज केला. संध्याकाळी दहा मिनिटं मला द्या, म्हणाले. मला म्हणजे मला, लेकीला नव्हे. मी त्यांच्यासाठी भाकरी घेऊन गेले होते, ती ओट्याच्या कडेला ठेवली होती. त्यांनी ती मोडायला सांगितली. अर्ध्या भाकरीत चतकोर किती वेळा बसते? मी म्हटलं, दोनदा. मग अर्धं भागिले पाव, किती? मी गप्प राहिले. उत्तर दोन आहे हे मी आधीच बोलून गेले होते. मग ते म्हणाले, आता पाऊण भाकरी घ्या आणि तिचे आठवे हिस्से करा. मी म्हटलं, आम्ही त्याला नितकोर म्हणतो, चतकोराचा अर्धा. तो शब्द त्यांना ठाऊक नव्हता. त्यांनी तो दोनदा घोकला, आत जाऊन चाचींना सांगितला. पाऊण भाकरीत नितकोर सहा. एका अख्ख्या भाकरीत आठ नितकोर, म्हणून आठानं गुणायचं. उलटा करायचा तो त्यासाठी.

माझ्या डोळ्यांतून पाणी आलं ते मी पदरानं टिपलं. अंधार पडला होता, त्यांना दिसलं नसेल असं मी समजले. १९९९ पासून अडलेलं काहीतरी तिथे ओट्याच्या कडेला मोकळं झालं होतं. त्यानंतर बरेच दिवस मी संध्याकाळची दहा मिनिटं जात राहिले. गुणोत्तर शिकले, शेकडा शिकले, सरळव्याज शिकले. डिसेंबरात लेणी उघडली, यांचं दुकान पुन्हा लागलं, आणि तेव्हापासून दुकानाचा हिशेब मी लिहिते.

२७ जानेवारी २०२१ ला पाचवी ते आठवीचे वर्ग उघडले आणि थोड्याच आठवड्यांत पुन्हा बंद झाले. एप्रिलमध्ये पहिली ते आठवीची मुलं परीक्षेशिवाय पुढे गेली. त्याच एप्रिलमध्ये मास्टरसाब आजारी पडले. चाळीस दिवस समोरचा ओटा रिकामा होता. लेक रोज सकाळी ठरल्या वेळेला आमच्या ओट्यावर बसायची, स्वतःलाच हिशेब घालायची, आणि वीस मिनिटं झाली की उठायची. मी आतून बघायची. तिला बसवावं लागत नव्हतं, उठवावंही लागत नव्हतं. मास्टरसाब परत ओट्यावर आले तेव्हा बोलू शकत नव्हते. बोटांनी आकडे दाखवायचे, ती उत्तर द्यायची, ते मान हलवायचे. पाच मिनिटांत हात वर व्हायचा. ४ ऑक्टोबर २०२१ ला शाळा उघडली आणि सातवीत ती वर्गात जाऊन बसली.

मी त्यांना पैसे देऊन बघितले होते, ते त्यांनी हाताला लावले नाहीत. माहेरचं नवं आलं काढलं की पाठवते, ते चाची ठेवून घेतात. आता गल्लीतली दोन पोरं संध्याकाळी माझ्याकडे बसतात. फोडाफोडीची गणितं असतात, मला येतात तेवढी सांगते. घड्याळ समोर ठेवते. अजूनही कधीकधी माझा आवाज चढू लागतो. तेव्हा समोरच्या ओट्याकडे बघते.

हे सगळं मी आत्ता लिहिलं ते गेल्या हिवाळ्यात चाचींनी जे सांगितलं त्यामुळे. आम्ही दोघी त्यांच्या दारात लसूण निवडत बसलो होतो. लेक शहरात शिकायला गेली म्हणून घर सुनं वाटतं, असं मी म्हणाले. चाची म्हणाल्या, तुमच्या पोरीच्या पायी यांनी डॉक्टरचंसुद्धा ऐकलं नाही. डॉक्टरांनी तेव्हा बोलायला मनाई केली होती, दिवसभरात अगदी थोडं बोलायचं असं सांगितलं होतं. ते थोडं त्यांनी तिच्यासाठी राखून ठेवलं, आमच्याशी मग दिवसभर खुणांनी बोलायचे.

मी विचारलं, असं का? चाचींनी लसणाची पाकळी सोलून होईपर्यंत उत्तर दिलं नाही. मग म्हणाल्या, "त्या दुपारी आवाज आला ना तुमच्या घरातून. पोरगी 'का, का' विचारत होती. मग आवाज झाला. उस रात ये खाना नई खाए." सकाळी उठून हाक मारली ती त्यासाठी. वेळ जात नाही, जीव घुसमटतो, हे सगळं त्यांनी माझी लाज राखायला रचलेलं होतं.

म्हणजे त्यांनी ऐकलं होतं. थोबाडीत मारलेली ऐकली होती आणि तिच्याआधीचा प्रश्नही ऐकला होता. म्हणून भाकरीच्या संध्याकाळी मला पहिला हिशेब त्यांनी तोच घातला, उलटा का करायचा तो. दोन-अडीच महिने थांबून घातला. आणि ज्या वीस मिनिटांना मी अपुरी म्हणत होते, ती त्यांच्या दिवसभराच्या श्वासातून काढलेली होती.

चाचींनी सांगितल्यापासून मी कितीदा त्यांच्यासमोर बसले. तोंड उघडलं की ते दुसरंच काही विचारतात, आल्याचा भाव, दुकानाचा गल्ला, पोरीचा फोन आला का. मी थांबते आणि उठून येते. लेकीला मात्र मी सांगितलं. फोनवर ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "मला तो दिवस आठवतो आई. पण मास्टरसाबना ऐकू गेलं असेल असं वाटलं नव्हतं."

म्हणून हे लिहून काढलं. त्यांची नजर आता अधू झाली आहे आणि मराठी जोडाक्षरं त्यांना पूर्वीपासून जड जातात, त्यामुळे त्यांची नात त्यांना वाचून दाखवील. तिला मी सांगून ठेवणार आहे की एका बैठकीत पुरं करू नकोस, ऐकतानाही त्यांना धाप लागते. वीस मिनिटं झाली की ते हात वर करतील. तिथे खूण करून ठेव, उरलेलं दुसऱ्या दिवशी वाच. मधे मंगळवार आला तर बुधवारी.